एकट्यानं पळायचं न्हाई

आमच्या गावात त्या काळी पहाटे पळायला जायचं तर जोडीदार लागायचा. कारण बिबट्या. धरणाचं पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसात बिबट्या राहायला आला, हा क्रम आता जुन्नर तालुक्यातलं शाळकरी पोरही सांगतं. तेव्हा तो आमच्यासाठी नवा होता. वस्तीवरची कुत्री कमी झाली. उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकून झोपणं बंद झालं. संध्याकाळी बायका एकमेकींना हाका मारत रानातून परतू लागल्या. फौजेच्या भरतीची तयारी करणारी आम्ही दहा-बारा पोरं मात्र अंधारातच मढ गावच्या रस्त्याला लागायचो, कारण उजाडल्यावर ज्याच्या त्याच्या घरी काम असायचं. धारा काढायच्या, दूध डेअरीवर पोचवायचं, वीज असेल तोवर कांद्याला पाणी द्यायचं. पळायला मिळायचा तो वेळ बिबट्याचाही असायचा.

आम्हाला पळवणारे गृहस्थ फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झाले होते. गाव त्यांना मेजर म्हणे. आमच्याकडे फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. पुढे वर्तमानपत्रात उपसंपादक झाल्यावर गावाकडून आलेल्या बातम्यांमधले असे कितीतरी मेजर मी नेमाने दुरुस्त केले, पण ह्यांना इथे मेजरच राहू देतो. त्यांचा मैदानावरचा नेम एकच होता, ‘एकट्यानं पळायचं न्हाई.’ जोडीदार आला नाही तर त्या दिवशी घरी परत जायचं. जोडीतल्या एकाने घुंगरू बांधलेली काठी घ्यायची, दुसऱ्याने बॅटरी, आणि सारखं मोठ्याने बोलत राहायचं. फॉरेस्टवाल्याने शाळेत येऊन सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. बिबट्या समोर आला तर वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, पाठ फिरवून पळायचं नाही. हात वर करून मोठं दिसायचं आणि ओरडायचं. मेजरांनी त्यात आपली भर घातली. ते म्हणाले, “दुसरी मान्सं उभी ऱ्हातील. तुमी पळनार. रोज पळायचीच सवं लागल्याली पोरं तुमी, पाय ऐकनार न्हाईत. म्हून आधी जोडीदाराचा हात धरायचा. गच्च. मंग दोघांनी हात वर करायचे. हात धरल्याला मानूस पळत न्हाई.”

माझा जोडीदार भरत होता. शाळेपासूनचा मित्र, माझ्याहून वर्षाने मोठा, पायांनी लांब आणि बोलायला कमी. पण पळताना बोलणं सक्तीचं असल्यामुळे त्याने एक युक्ती काढली होती. ओतूरच्या बाजारपेठेतली दुकानं तो स्टँडकडून ओळीने म्हणत जाई. कापडवाला, भांडीवाला, खत-औषधंवाला, चपलावाला. ती डाव्या हाताची. उजव्या हाताची मी म्हणायची. चुकलं की पुन्हा स्टँडपासून सुरुवात. मढकडच्या चढावर दम लागायचा आणि दुकानं तुटक व्हायची, नुसती ‘सोनार’, ‘सायकल’, ‘चहा’ एवढीच. त्याच्या श्वासाच्या आणि माझ्या श्वासाच्या मध्ये काठीचे घुंगरू वाजत. फौजेत जायचं होतं ते त्याला. मी तो पळतो तिथे पळत होतो. आणि एक गोष्ट मी तेव्हा कुणालाही सांगू शकलो नसतो. ज्या जनावरामुळे सगळा तालुका दारं लावून बसत होता, त्याची मी रोज वाट बघायचो. तो समोर आला की नियमानुसार भरतला माझा हात धरावा लागणार होता.

ह्या भावनेला माझ्याजवळ नाव नव्हतं. गावात तिच्यासाठी जी नावं होती त्या शिव्या होत्या, आणि त्या शिव्या मीही दुसऱ्यांना दिलेल्या होत्या. त्यामुळे स्वतःचा आणि त्या शब्दांचा काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नाही. मला एवढंच कळत होतं की भरत दुसऱ्या कुणाशी हसून बोलला की मला जेवण जात नाही.

पळून आल्यावर तो आमच्याच ओसरीवर टेकायचा. आतून चुलीच्या फुंकणीचा आवाज येत असे, गोठ्यात म्हैस दावं ओढत असे आणि नाना, म्हणजे माझे वडील, दुधाच्या किटल्या सायकलला अडकवत असत. त्या किटल्यांचा खणखणाट आमच्या घराची सकाळ होती. आई आदल्या दिवशी हरभरे भिजत घालायची, दोघांचे एकाच पातेल्यात. त्यावर गुळाचा खडा, आणि कोंबडीने मनावर घेतलं असेल तर कच्चं अंडं दुधात फोडून. भरतच्या पेल्यात आई साय जास्त टाकते, असा मला संशय होता. पण तो हेवा मला गोड वाटायचा, कारण ज्याचा हेवा करायचा तो माझ्या शेजारीच, गुडघ्याला गुडघा लावून बसलेला असे. बाजरीची भाकरी तव्यावरून उतरली की आई हाक मारी, “भरता, गरम हाये तवर खा. ह्याचं काय, ह्यो घरचाच हाये.”

मग संतोष आला.

तो आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. आमच्या गावात त्याचे मामा राहत. तो भरती होऊन ट्रेनिंगला गेला तेव्हा त्याच्या गावाने फटाके वाजवले होते. काही महिन्यांनी तो परत आला तेव्हा वडिलांनी त्याला घरात चार दिवसही ठेवलं नाही, थेट मामाकडे पाठवून दिलं. माणसाआधी त्याची हकिकत आमच्या गावात पोचली होती. ट्रेनिंग सेंटरवर तो दुसऱ्या एका रंगरुटाबरोबर एका पांघरुणात सापडला, साहेबापुढे उभं केलं, दोघांनाही काढून टाकलं. डेअरीच्या रांगेत ही हकिकत रोज थोडी वाढत गेली. मी ती सगळ्या रूपांत ऐकली आणि कुठल्याच रूपावर बोललो नाही.

तो एके पहाटे मैदानावर येऊन उभा राहिला. मध्यम उंचीचा, केस अजून फौजेच्या मापाचे. फौजेचं दार बंद झालं, आता पोलीस भरतीसाठी पळायचंय, असं त्याने मेजरांना सांगितलं.  सुदामने तोंड उघडलं. सुदाम आमच्यातला सगळ्यात धिप्पाड आणि सगळ्यात बोलका.

“मेजर, ह्यो आपल्यात?”

“का? पाय न्हाईत व्हय त्याला?”

“पायाचं न्हाई वो. उद्या आमी फौजेत गेलो, बराकीत खाटंला खाट लागून असती. असला गडी शेजारी असल्यावर झोप लागंल का?”

“तुज्या घोरन्यानं मलाच न्हाई लागायची,” संतोष म्हणाला.

दोघे-तिघे हसले. शिवा नावाचा एक पोरगा होता, त्याचे दोन चुलते फौजेत. तो म्हणाला, “हसू नका राव. फौज म्हंजी शिस्त. तितं असली थेरं चालत न्हाईत म्हून तर हाकाललं ना ह्याला? चुलता म्हनतो, असल्या मान्साच्या जिवावर लढायचं कसं? पोरांचा भरोसाच ऱ्हानार न्हाई.”

“न्हाई चालत,” मेजर म्हणाले. “कायदा हाये. साहेबानं कायद्यापरमानं केलं, मी त्याला नावं ठेवनार न्हाई.” मग त्यांनी बॅटरी विझवली. अंधारात त्यांचा नुसता आवाज येऊ लागला. “पर येक सांगतो. बर्फात पोस्टवर आमी तिघं एका तंबूत ऱ्हायचो. एकाला एक चिटकून, न्हाईतर सकाळी जित्तं कोन उठतंय. तवा कोन कसा हाये ते कुनी इचारलं न्हाई. रायफल साफ हाये का, येवढंच बघितलं. भरोसा म्हनतोस तो तितनं येतो, शिवा.”

“मंग घ्यावं म्हन्ता आसल्यांना फौजेत?”

“मी कोन घेनारा? मी नाईक.” स्वतःचा खरा हुद्दा त्यांनी उच्चारलेला मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. “फौजेचं फौज बघंल. ह्या मैदानावर माजा नेम तेवढा चालतो. एकट्यानं पळायचं न्हाई. ह्याच्यासंगं कोन पळतंय, बोला.”

 कुणाच्या तरी हातातल्या काठीचा घुंगरू हलला. नेम असा होता की जोडीदार नसलेल्याने घरी जायचं, आणि हे मेजरांसकट सगळ्यांना कळत होतं. संतोष वळायच्या बेतात होता.

“मी पळतो,” भरत म्हणाला.

तो माझ्या शेजारी उभा होता. त्याने मला विचारलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. मेजर म्हणाले, “आन दिनेश?”

“दिन्याला कुनीबी मिळंल.”

त्या वाक्यात खोटं काही नव्हतं. मला कुणीही मिळणार होता. मला सुदाम मिळाला.

हेव्याचं वर्णन लोक आग, जळफळाट अशा शब्दांत करतात. माझा अनुभव वेगळा आहे. माझ्यासाठी ते मुख्यतः ऐकणं होतं. जोड्यांमध्ये अंतर ठेवून पळायचं असे, त्यामुळे भरत आणि संतोष रस्त्याच्या पुढच्या वळणावर असत आणि त्यांचं बोलणं मागे येई. शब्द कळत नसत, चाल कळे. दुकानं नव्हती. संतोष ट्रेनिंगच्या गोष्टी सांगत असावा, कारण मधूनच तो कवायत घेणाऱ्या उस्तादाच्या हिंदीत ओरडे आणि भरत हसे. भरत पळताना हसू शकतो हे मला माहीत नव्हतं. इतके महिने मी त्याला दम लागू नये म्हणून जपत होतो. सुदाम शेजारून जत्रेतल्या बैलगाड्यांच्या शर्यतींच्या बाऱ्या सांगत असायचा, कुणाची बैलं किती सेकंदांत घाट चढली, आणि मी त्याला म्हणायचो, हळू बोल. “हळू कसं? बिबट्याला ऐकू ग्येलं पायजे ना!” तो म्हणे. त्याचंही बरोबर होतं.

आणखी एक गोष्ट मला छळत असे. संतोषकडे जे होतं ते माझ्याकडे नव्हतं. तो एकदा फौजेच्या दारातून आत जाऊन आला होता. चढावर श्वास कुठे सोडायचा, मेडिकलला काय बघतात, सकाळी किती वाजता उठवतात, ह्या सगळ्याची भरतला भूक होती आणि ती भागवण्याजोगं माझ्याजवळ काही नव्हतं. ओतूरच्या दुकानांची उजवी बाजू तेवढी होती. आणि त्याहून आतली गोष्ट अशी की सगळं गाव ज्याच्यासाठी संतोषवर थुंकत होतं, त्याचाच मला हेवा वाटत होता. कुठल्यातरी परमुलखात, थंडीत, एका पांघरुणात कुणीतरी त्याच्याजवळ आलं होतं. त्याची नोकरी गेली, घर गेलं, पण ते घडलं होतं.

आज हा विषय दूरचित्रवाणीवर चर्चेला असतो. असे संबंध गुन्हा नाहीत, हा न्यायालयाचा निकाल आला त्या दिवशी पहिलं पान माझ्याकडे होतं. त्यानंतर, लष्कराचा कायदा वेगळा आहे आणि तिथे हे चालणार नाही, अशी बातमी आली. ती मी आतल्या पानावर दोन कॉलम लावली, कुठेही विशेषण न वापरता. संपादकांनी ती समतोल असल्याचं सांगितलं. गेल्या वर्षी भरतच्या घरी जेवायला गेलो होतो. तो पेन्शन घेऊन परत आलाय, कांदा करतो. त्याच्या बायकोने मासवडी केली होती, रस्सा तिखट होता, आणि पडद्यावर एक निवृत्त अधिकारी ठासून सांगत होते की जवानांना हे कधीच पटणार नाही. भरत जेवणावरून मान वर न करता म्हणाला, “जवानांना इचारलं कुनी?” बायको म्हणाली, “अवो, तुमी जेवा.” तो जेवला. वाढताना तिने त्याच्या ताटातली रश्श्याची वाटी न विचारता भरली, आणि इतक्या वर्षांनंतरही माझं लक्ष त्या वाटीकडेच गेलं.

असो. भरतने जोडी बदलली तरी ओसरी बदलली नाही, हे त्याहून वाईट झालं. पळून आल्यावर तो संतोषलाही घेऊन आला. नाना किटल्या अडकवता अडकवता थांबले, त्यांनी संतोषकडे पाहिलं आणि सायकल तशीच ढकलत निघून गेले, वर न बसता. आई दारात आली. तिला सगळं माहीत होतं. डेअरीची रांग बायकांचीही असते. तिने विचारलं, “तू महाळुंग्याचा ना? आई बरी हाये का तुजी?” संतोष म्हणाला, “बोलली न्हाई वो ती माज्याशी. बाबांनी बोलू दिलं न्हाई.” आई आत गेली आणि हरभऱ्याचं पातेलं घेऊन आली. आता त्यात तिघांचे वाटे करायचे होते. तिने पहिला संतोषला घातला, गुळाचा मोठा खडा त्याला दिला आणि म्हणाली, “उद्यापून वाईच जास्त भिजवीन.” मी म्हणालो, मला भूक नाही. खरोखर नव्हती. भरतने माझा वाटा उचलून संतोषच्या हातावर ठेवला, अगदी सहज, जणू मी त्याचसाठी सोडला होता.

बिबट्या दिसला तो एका पहाटे, रस्त्यावरच्या मोरीजवळ. धुकं होतं. पुढे घुंगरू वाजत होता तो एकदम थांबला. मग भरतचा आवाज आला, “हाऽऽ! हाऽऽ!” सुदाम जागीच थिजला, मी बॅटरी मारली. वळणावर, डांबरी रस्त्याच्या मधोमध, जनावर बसलेलं होतं. मांजर उंबऱ्यावर बसतं तसं, शेपटी बाजूला टाकून. त्याच्यापुढे, आमच्याकडे पाठ करून, ते दोघे उभे होते. नेमात सांगितलं होतं तसंच. एकमेकांचे हात धरलेले, धरलेले हात डोक्याच्या वर. सुदामने माझा हात पकडला, त्याचा तळवा घामाने चिकट झालेला, आणि तो मारुतीचं नाव घेऊ लागला. मीही ओरडत होतो. पण बॅटरीचा झोत मी बिबट्यावर ठेवलेला नव्हता. तो त्या वर केलेल्या हातांवर होता, आणि मला ह्याची नोंद करायची आहे की त्या घटकेला मला भीती वाटली नाही. भीतीला आत जागाच उरलेली नव्हती. मी इतके महिने ज्या क्षणाची वाट पाहिली होती तो आला होता, हुबेहूब तसाच. फक्त माझ्या जागी दुसरा उभा होता.

बिबट्या उठला. घाई न करता रस्ता ओलांडून उसात शिरला. पाचोळा वाजला, मग तोही थांबला. सुदामने लगेच माझा हात सोडून पायजम्याला पुसला. पुढचे हात खाली आले, पण सुटले नाहीत. झोत त्यांच्यावर पडला आहे हे संतोषच्या लक्षात आलं आणि त्याने आपला हात काढून घेतला. भरतने नाही. भरतचा हात तसाच, थोडा पुढे, उघडा राहिला, आणि मग त्याने त्या हाताने नाक पुसलं. सुदाम ओरडला, “सुटलो बाबा, ग्येला! भरत्या, जित्ता हायेस का?” भरत म्हणाला, “हाये. आवाज नीट काढ लेका, जनावर हसत व्हतं तुला.”

त्यानंतर मी घरात बोलेनासा झालो. आमच्याकडे माणूस गप्प झाला की त्याचं कारण घरचे ठरवून टाकतात, आणि नानांनी माझं कारण ठरवलं. एका दुपारी कांद्याच्या चाळीत बाजरी पाखडताना ते म्हणाले, “बरोबर हाये तुजं. त्या पोरामुळं भरतशी बोलायचं सोडलंस, चांगलं केलंस. लाज असल्याली पोरं अशीच वागत्यात.”  माझा हेवा त्यांना किळस वाटला होता. त्यांच्या लेखी मी गावातला एकमेव शहाणा मुलगा होतो. “मी आज त्याच्या बापाला गाठतो,” ते पुढे म्हणाले. “म्हनतो, पोराला आवर. त्या महाळुंग्याच्याला मैदानावनं काढायला लावतो. मंग भरत यील गपगुमान तुज्यासंगं पळायला.”

एवढं होऊ शकलं असतं. भरतचे वडील नानांचं ऐकत. मला फक्त हातातलं सूप हलवत राहायचं होतं. पण मला भरत हवा होता, तो नानांनी आणून दिलेला नको होता. दुसऱ्या दिवशी तो माझ्या शेजारी पळत असता, डाव्या बाजूची दुकानं म्हणत असता, आणि त्याचे कान मागे, जो घरी गेला त्याच्याकडे लागलेले असते. ते मला सुदामच्या बैलगाड्यांपेक्षा असह्य झालं असतं. मी म्हणालो, “नाना, तुमी कुनाला काय सांगू नका. माजं भांडन न्हाई त्यांच्याशी.”

“मंग त्वांड का पाडलंय?”

“पळून दमतो.”

“दमतोस तर सोड की मंग पळनं,” नाना म्हणाले, आणि सूप माझ्या हातातून घेऊन स्वतः पाखडू लागले.

भरती मेळाव्याच्या आदल्या दिवशी आईने मासवडी केली. आमच्या भागात मानाच्या पाहुण्याला होते ती. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, तीळ-खोबऱ्याचं सारण भरायचं, फडक्यानेच गुंडाळी करायची आणि दोऱ्याने कापायची. दोरा तिच्या दातात आणि एका हातात ताणलेला असे, आणि कापताना तिला बोलता येत नसे, म्हणून घरात तेवढा वेळ शांतता होई. भरत आणि मी जेवलो. संतोष नव्हता. आधीच होऊन गेलेल्या पोलीस भरतीत त्याचं नेमकं काय झालं ते कुणाला कळलं नाही, तो फक्त एवढंच म्हणाला की तिथेही कुणीतरी महाळुंग्याचं होतं. नंतर चाकणला एका कंपनीत लागला, आणि जाताना ओसरीवर येऊन आईच्या पाया पडून गेला. मला म्हणाला, “दिन्या, तुजा जोडीदार परत घे बाबा. माजा चढ झाला.” तो हसून बोलला. मला हसता आलं नाही.

मेळाव्यात माझी छाती फुगवून मापाला पुरली नाही. भरत सगळ्यांतून पार झाला.

तो निघाला त्या दिवशी गावाने हलगी लावली, औक्षण झालं, फेट्यावर फेटा बांधला गेला. मग त्याचे वडील, तो आणि मी ओतूरच्या स्टँडवर आलो. त्याची काळी पत्र्याची ट्रंक नवी होती आणि पेंटरने तिच्यावर त्याचं नाव पांढऱ्या रंगात लिहिलं होतं. रंग पुरता वाळला नव्हता. वडील केळी आणायला गेले. फलाटावर कांद्याच्या गोण्या, कॉलेजची पोरं, चहावाल्याच्या स्टोव्हचा आवाज. पुण्याची गाडी लागायची होती. मी म्हणालो, “एक इचारू? संतोषचं आन तुजं काय व्हतं?”

भरत ट्रंकेकडे बघत राहिला. “त्यानं इचारलं व्हतं मला,” तो म्हणाला. “बिबट्या दिसला त्या दिवशी, परत येताना. सरळ इचारलं. मी न्हाई म्हनलो.”

“का?”

“तो माजा जोडीदार व्हता. तेवढाच व्हता. कुनी पळत नव्हतं म्हून मी पळालो.”

मला हलकं वाटायला हवं होतं. इतके महिने ज्याच्यावर जळत होतो तिथे काहीच नव्हतं. पण आत जे उठलं ते पुन्हा तेच होतं. संतोषने विचारलं होतं. फौज गेली, घर गेलं, गावाने तोंड फिरवलं, आणि एवढं झाल्यावरही त्याच्या तोंडून तो प्रश्न निघाला होता. मी बालपणापासून शेजारी बसत होतो.

“आन मी इचारलं असतं तर?”

“तू कदी इचारलं न्हाईस.”

“आता इचारतो.”

“आता नको, दिन्या.” त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “संतोषला साहेबानं इचारलं, तू तसला हायेस का. खोटं बोलला असता तर वाचला असता. त्याला खोटं बोलता आलं न्हाई. मलाबी यायचं न्हाई. तितं मला कुनी इचारलं, तुजं कुनी हाये का तसलं, तर मला न्हाई म्हनता आलं पायजे. आन ते खरं असलं पायजे. तू इचारलंस तर मला उत्तर द्यावं लागंल. मंग ते खरं ऱ्हानार न्हाई.”

गाडी लागली. त्याचे वडील केळी घेऊन धावत आले, “अरं दिनेश, ट्रंक धर की रं, बघत काय ऱ्हायलास!” मी एक कडी धरली, भरतने दुसरी. ड्रायव्हरच्या मागे ट्रंक सरकवली तेव्हा ओला पांढरा रंग माझ्या मनगटाला लागला. भरत खिडकीशी बसला. कंडक्टरने दोरी ओढली. मी काही विचारलं नाही. गाडी नारायणगावच्या दिशेने वळून दिसेनाशी होईपर्यंत फलाटावर उभा राहिलो. तो आता ज्यांच्याकडे चालला होता ती माणसं मी कधी पाहिलेली नव्हती, साहेब, उस्ताद, खाटेला खाट लावून झोपणारे कुणी. त्यांच्यातला कुणीही, कुठल्याही दिवशी, त्याला तो प्रश्न सरळ विचारू शकणार होता. मला त्या सगळ्यांचा हेवा वाटला.